गव्हाएवढं पुढं, तांदळाएवढं मागं

न्यूझीलंडला आल्यावर आण्णांना सगळ्यांत जास्त आनंद कशाचा झाला असेल, तर इथलं तळं घाण आहे याचा.

त्याआधीचे तीन आठवडे त्यांचे फार वाईट गेले होते. रस्ते स्वच्छ, हवा स्वच्छ, गाईसुद्धा आत्ताच न्हाऊन आल्यासारख्या. कुणी हॉर्न वाजवत नाही, कुणी रांग मोडत नाही. बोलायचं तरी कशावर? पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला नळाला चोवीस तास पाणी येतं हा एक प्रकारचा अपमानच वाटतो. ते संध्याकाळी खिडकीशी गप्प बसून राहायचे. आईला वाटलं, थंडी बाधली.

मग मे महिन्यातल्या एका रविवारी मी त्यांना हॅमिल्टनच्या तळ्यावर फिरायला नेलं. भोवती चार-एक किलोमीटरची छान पायवाट, मुलांची खेळणी, बदकं. आण्णा बळंच चालत होते. तेवढ्यात काठावर एक पाटी दिसली: पाण्यात विषारी शेवाळ असू शकतं, पोहू नये, कुत्र्यांना पाण्यात सोडू नये. आण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पाटी दोनदा वाचली. पाणी खरोखरच मटारच्या उसळीच्या रंगाचं होतं. एकवीस दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा फुलला.

"म्हंजे हितं बी हाय की!"

पाटीशेजारी उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला आणि कोल्हापुरातल्या सकाळी फिरणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. तिकडे पहाट व्हायची होती, तरी दहा मिनिटांत चार जणांनी अंगठे दाखवले. एकानं विचारलं, "जलपर्णी हाय का?" आण्णांनी तळ्याला अर्धी फेरी मारून खात्री केली आणि कळवलं, "न्हाई." त्यावर उत्तर आलं, "मग आपण पुढं."

आमचं कोल्हापूरचं घर रंकाळा तळ्याच्या काठावरचं. म्हणजे काठापासून सोळा मिनिटांवर, पण कोल्हापुरात दीड किलोमीटरच्या आतला प्रत्येक जण काठावरचाच असतो. आम्ही पोहायला शिकलो ते तिथं, म्हशी धुतल्या जायच्या त्या तिथं, गौरी-गणपती जायचे ते तिथंच, आणि संध्याकाळी त्याच काठावर उभं राहून भेळ खायची. या चारी गोष्टी एकाच पाण्याच्या भरवशावर चालतात यात कुणाला काही वावगं दिसत नसे. मग पाणी हिरवं झालं, वास मारू लागलं, जलपर्णीनं पाय पसरले. पाठोपाठ समित्या आल्या, राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत नाव आलं, निवेदनं गेली, श्रमदानं झाली. आण्णा सगळ्यांत पुढं. रंकाळ्याजवळच्या देवळातल्या नंदीची एक गोष्ट आमच्याकडं सांगतात: हा नंदी रोज गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो, आणि ज्या दिवशी रंकाळ्यात पोचेल त्या दिवशी जगबुडी. आण्णांच्या मते तळं सुधारण्याचा प्रत्येक प्रस्ताव याच चालीनं चालतो, आणि म्हणूनच जग अजून शाबूत आहे.

तर आता त्यांना इथं एक तळं सापडलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी एकटेच फेरी मारायला लागले आणि आठवड्याभरात त्यांनी तिथला एक निवृत्त गवळी गाठला. गवळी म्हणजे आपला सायकलला किटल्या लावणारा नव्हे. चारशे गाईंचा मालक, सहा फूट उंच, पँटच्या खिशात दोन्ही हात, बोलताना नजर क्षितिजावर. आण्णांनी त्याचं नाव न विचारताच त्याला 'पाटील' म्हणायला सुरुवात केली. पाटलांना आण्णांचं इंग्रजी चाळीस टक्के कळायचं, आण्णांना पाटलांचं तीस टक्के. उरलेलं दोघं हातवाऱ्यांनी भरून काढायचे. धरणं, चर, बांध या विषयांना तेवढं पुरतं.

तळ्याचा इतिहास आण्णांनी पाटलांकडून मिळवला आणि मला ऐकवला. पाहुणा म्हणून आलेल्या बापानं आपल्याच गावाचा इतिहास आपल्याला सांगावा याची थोडी लाज वाटते. मी इथं नऊ वर्षं राहतोय आणि मला फक्त गाडी कुठं लावायची तेवढं ठाऊक होतं.

तळ्याचं माओरी नाव रोटोरोआ. 'रोटो' म्हणजे तळं, 'रोआ' म्हणजे लांब. त्यामुळं इंग्रजीत 'लेक रोटोरोआ' म्हटलं की 'तळं लांबतळं' होतं. "पाव-ब्रेड म्हणत्यात तसं," आण्णा म्हणाले आणि पुढं सरकले, कारण त्यांना नावात रस नव्हता, बिघाडात होता.

आणि बिघाड पाहण्यासारखा आहे. तळं कुणी वाईट हेतूनं बिघडवत नाही. दर वेळी कुणीतरी सुधारणाच करायला आलेला असतो. गोऱ्यांना काठ धुपताना दिसले, त्यांनी विलायतेतून विलोची झाडं आणली. विलोनं काठ धरला आणि मग काठाबरोबर दलदलही गिळली. डास फार म्हणून १९३० मध्ये गॅम्बुसिया मासे आणले. आपल्याकडं पालिकेचे लोक डबक्यात गप्पी मासे सोडतात ना, त्यांच्याच नात्यातले. त्यांनी इथल्या गरीब बिचाऱ्या माशांची अंडी खाल्ली, शेपट्या कुरतडल्या, आणि डास आहेत तिथंच आहेत. ख्राइस्टचर्चच्या एव्हन नदीत वॉटरक्रेस माजला म्हणून १८६० च्या दशकात ऑस्ट्रेलियाचे काळे हंस आणून सोडले. वॉटरक्रेस नदीत कुठून आला? कुणाला तरी सॅलडमध्ये हवा होता. आज काळे हंस देशभर आहेत आणि वॉटरक्रेसही आहे.

"ही तर गोसाव्याच्या लंगोटीची गोष्ट," आण्णा म्हणाले. उंदीर लंगोटी कुरतडतो म्हणून मांजर, मांजराला दूध हवं म्हणून गाय, गाईला राखायला बाई, आणि शेवटी गोसावी संसारात.

पण आमच्या तळ्याचा कळस १९५९ चा. बाहेरून आलेलं पाणगवत इतकं माजलं की होड्या अडकायला लागल्या. तेव्हाच्या शहाण्या लोकांनी त्यावर इलाज केला: सोडियम आर्सेनाइट फवारलं. आर्सेनिक. सोमल. आपल्याकडच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत सावत्र आई दुधातून देते तेच. चोवीस वर्षांनी शास्त्रज्ञांनी तळ्याचा गाळ तपासला तेव्हाही ते तिथंच होतं, पेन्शन खात. गवत मात्र परत आलं होतं. पुढं काही वर्षांनी तळाचं गवत खरोखरच नाहीसं झालं, आणि पाणी गढूळ झालं तेव्हा लोकांच्या ध्यानात आलं की इतकी वर्षं गाळ दाबून पाणी नितळ ठेवायचं काम तेच गवत करत होतं. मग तळाला गवत परत कसं आणायचं यावर अभ्यास झाले. निलंबित केलेल्या क्लार्काला सन्मानानं परत बोलवावं, तसं.

कोई माशांचं सांगायचं राहिलं. आपल्याकडं लोक पैसे मोजून हॉटेलच्या हौदात सोडतात ते रंगीबेरंगी मासे. आमच्या या वायकाटो भागात ते १९८३ मध्ये पहिल्यांदा उघड्या पाण्यात दिसले आणि आज नदीत आणि आसपासच्या तळ्यांत त्यांचा सुळसुळाट आहे. चिखलात तोंड खुपसून ते सगळा तळ उपसतात. इथं कोई सापडला तर जिवंत परत सोडणं हा गुन्हा आहे. धनुष्यबाण घेऊन कोई मारायच्या स्पर्धाही होतात. हे ऐकल्यावर आण्णांनी आईला हाक मारली. "अगं, हितं मत्स्यवेध होतोय. द्रौपदी कोण ते तेवढं कळंना."

पाटलांनीच त्यांना पाच जूनला यायचं आमंत्रण दिलं. न्यूझीलंडमध्ये पाच जून हा झाडं लावायचा दिवस. या प्रथेची सुरुवात १८९० मध्ये ग्रेटाउन नावाच्या गावात झाली. झाडं लावायची होती रोटोरोआवर नव्हे, शहराच्या वायव्य टोकाला, प्राणिसंग्रहालयासमोर, एका दुसऱ्या तळ्याभोवती. त्याचं इंग्रजी नाव हॉर्सशू लेक, घोड्याच्या नालेसारखं वळण आहे म्हणून. आणि त्या सगळ्या पार्कचं माओरी नाव वाइफाकारेके. आईनं ते एकदा ऐकलं आणि त्या क्षणापासून आमच्या घरात त्याचं नाव 'वायफळकरांचं तळं' पडलं. मुलं शाळेतसुद्धा तसंच म्हणतात.

हे तळं कुरणाच्या मध्ये गाईंच्या पायांशी पडून होतं. २००४ पासून शहराची कौन्सिल, वायकाटो विद्यापीठ, विनटेक ही तंत्रशिक्षण संस्था, स्थानिक माओरी मंडळी आणि हौशी नागरिक यांनी मिळून तिथली साठ-पासष्ट हेक्टर जमीन परत मूळच्या रानात न्यायचं मनावर घेतलं. विद्यापीठातले प्राध्यापक ब्रूस क्लार्कसन या कामामागचं मोठं नाव. शहरात मूळचं रान दोन टक्केसुद्धा उरलं नव्हतं. म्हणजे जुन्या वाड्याचा फक्त उंबरठा शिल्लक आणि त्यावरून अख्खा वाडा बांधायचा, असा हिशेब. २०१९ मध्ये जागा लोकांसाठी रीतसर खुली झाली, झाडं लावणं त्यानंतरही चालूच राहिलं.

पाच जूनला सकाळी साडेआठला एक डिग्री तापमान होतं आणि हॅमिल्टनचं ते सुप्रसिद्ध धुकं. आण्णांनी दोन स्वेटर, माकडटोपी आणि माझ्या बायकोचे गुलाबी फुलांचे गमबूट घातले होते, कारण माझे त्यांना होईनात. त्यांच्या डोळ्यांपुढं श्रमदानाचं एक ठरलेलं चित्र होतं: मंडप, खुर्च्या, प्रमुख पाहुणे यायला दीड तास उशीर, शाल-श्रीफळ, 'झाडे लावा'वर भाषण, पाहुण्यांचा हात लागलेलं एक रोप, आणि ज्या खड्ड्यात गेल्या वर्षी लावलं होतं तोच खड्डा. "खड्डा तोच, झाड नवं, पाहुणा नवा," हे त्यांचं नोकरीतलं आवडतं वाक्य.

इथं मंडप नव्हता. एक बाई होत्या, हातात फळीला लावलेला कागद घेऊन. नाव लिहा, सही करा, फोन नंबर द्या, आजार आहेत का, कुठली ॲलर्जी. आण्णांनी त्यांना तिथल्या तिथं 'तलाठीण बाई' करून टाकलं. पाटील होतेच, गावचा कारभार पूर्ण झाला. मग तलाठीण बाईंनी सुरक्षेच्या सूचना द्यायला सुरुवात केली. फावड्याचं पातं कुणाकडं असावं. वाकताना पाठ कशी ठेवावी. ओल्या गवतावरून पाय घसरू शकतो. खड्ड्यात पाय अडकू शकतो. मातीत जंतू असतात, हातमोजे घाला. बारा मिनिटं.

"झाड लावायचंय का बॉम्ब निकामी करायचाय?" आण्णांनी मला मोठ्यानं विचारलं. मराठीत मोठ्यानं बोललेलं कुणाला कळत नाही, हा परदेशातला एकमेव खरा विरंगुळा.

एका वयस्कर माओरी गृहस्थांनी प्रार्थना म्हटली. मग आमच्या दहा-बारा जणांच्या टोळीनं गोल करून ओळखी करून दिल्या. इथं ओळख सांगायची माओरी रीत अशी, की आधी आपला डोंगर सांगायचा, मग आपलं पाणी, मग आपले लोक, आणि आपलं स्वतःचं नाव सगळ्यांत शेवटी. मी घाबरून माझा हुद्दा सांगून मोकळा झालो. आण्णांची पाळी आली. मी भाषांतर करून दिलं तसे ते एकदम ताठ झाले. हा प्रश्न त्यांना परिचयाचा होता. पूजेच्या संकल्पात भटजी तेच तर वदवून घेतात: गोदावरीच्या दक्षिण तीरावर बसलेला, अमुक गोत्रातला, अमुक. आधी पत्ता, मग नाव. आण्णांनी माकडटोपी काढली आणि इंग्रजीत म्हणाले, "माउंटन, पन्हाळा. रिव्हर, पंचगंगा. लेक, रंकाळा." थोडं थांबून भर घातली, "लेक इज डर्टी. बट माइन."

त्या वृद्ध गृहस्थांनी पुढं येऊन त्यांच्या नाकाला नाक लावलं. आण्णांनी असं कधी कुणाच्या नाकाला नाक लावलं नव्हतं. एक क्षण ते गोंधळले आणि मग टेकवलं. घरी आल्यावर आईला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "माझ्याशी तर भांडण झालं की तोंड फिरवून बसत्यात."

तळ्याचं पाणी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मात्र त्यांचा चेहरा पडला. पाणी काळपट तांबूस, कोऱ्या चहासारखं. "हे तर रोटोरोआपेक्षा बेकार!" पाटलांनी समजावलं. हे पीटचं तळं. कुजून दबलेल्या वनस्पतींच्या थरांतून पाणी झिरपतं म्हणून त्याला हा रंग. पीटच्या तळ्याचा हा रंग जन्मापासूनचा. घाबरायचं ते हिरव्या रंगाला. पाणी नितळ दिसलं की स्वच्छ, हा माणसाचा भाबडेपणा. आण्णांना हे पटलं, कारण यात चहा होता.

रोपं जागेवर मांडूनच ठेवली होती. हाराकेके म्हणजे इथलं घायपातासारखं लांब पात्यांचं झाड, मानुका, कारामू, आणि काहिकाटेआ. काहिकाटेआ हे इथलं सगळ्यांत उंच झाड, पन्नास-साठ मीटर जातं, ओल्या जमिनीत वाढतं. वायकाटोत पूर्वी त्याची जंगलं होती. मग इथं दूधदुभतं वाढलं, लोणी विलायतेला जायला लागलं, आणि शोध लागला की काहिकाटेआच्या लाकडाला अजिबात वास नाही. लोण्याच्या खोक्यांना उत्तम! रान खोक्यांत गेलं, खोकी लंडनला गेली. आपण त्याचं परत एकेक रोप लावतोय, हे पाटील सांगत होते ते खड्डा खणता खणता, खाली बघून. मग थांबून म्हणाले की त्यांनी स्वतः तारुण्यात असल्याच दलदलीत चर खणून पाणी बाहेर काढलं, तेव्हा त्यासाठी शाबासकी मिळायची. आता त्यांच्याच शेतावर ते चर बुजवायचं काम चालू आहे, आणि त्यालाही शाबासकीच मिळते.

"दोन्ही टायमाला पगार," आण्णा म्हणाले. "आमच्या खात्यात बी हेच."

आण्णांनी बावीस रोपं लावली. कुंडीतून रोप उपटायचं नाही, कुंडी उलटी धरून तळाला चापट मारायची. मुळं बोटांनी थोडी सोडवायची. मातीची ढेप खड्ड्यात ठेवली की टाचेनं दाबायचं, पण प्रेमानं. बांबूची काठी वाऱ्याच्या अंगाला, म्हणजे उजवीकडं. ते प्रत्येकाला शिकवत सुटले. एका शाळकरी मुलाची काठी त्यांनी तीनदा बदलायला लावली. तिसरं रोप काहिकाटेआचं होतं. ते लावून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "हे किती वर्षं जगतंय?" मी म्हटलं, पाचशे, जास्तही. बहात्तर वर्षांच्या माणसानं त्या वीतभर रोपट्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जशी एलआयसीच्या एजंटाकडं पाहतात.

जेवण म्हणजे सॉसेज, पांढऱ्या ब्रेडच्या घडीत, वर परतलेला कांदा आणि टोमॅटो सॉस. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेल्या माणसानं ते तोंडात धरलं आणि बराच वेळ काहीतरी व्हायची वाट पाहिली. काही झालं नाही. मग त्यांनी स्वेटरच्या आतल्या खिशातून खर्ड्याची बाटली काढली. आईनंही डबा दिला होता. "येताना एक प्लेट आणा," असं निमंत्रणात होतं. त्यावरून रिकामी प्लेट घेऊन गेल्याचा किस्सा इथला प्रत्येक भारतीय स्वतःचाच म्हणून सांगतो, त्यामुळं मी तो सांगणार नाही. आईनं प्लेट पाठवली होती भरून कांदाभजी. धुक्यात, चिखलात, गार पडलेली, पण भजी ती भजी. तलाठीण बाईंनी एक खाल्लं, दुसरं खाल्लं, तिसऱ्याला खर्डा लावला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. सुरक्षेच्या सूचनांत हे नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही आण्णांची झाडं बघायला गेलो. बावीसपैकी चौदा उपटलेली. मोडलेली नाहीत, खाल्लेली नाहीत. अगदी व्यवस्थित मुळासकट उपटून प्रत्येक आपल्या खड्ड्याशेजारी आडवं ठेवलेलं. दुसऱ्या कुणाची इतकी नाही. आण्णांना पहिल्यांदा वाटलं हे राजकारण आहे.

तेवढ्यात हाराकेकेच्या आडून ती बाहेर आली. जांभळं-निळं अंग, लाल चोच, लाल कपाळ, लांब लाल तंगड्या. चालताना दर पावलाला शेपटी उडवून खालचं पांढरं दाखवायची लकब, जशी एखादी ठसकेबाज बाई पदर उडवते. इथं तिला पूकेको म्हणतात. नवी रोपं उपटून बघायची हौस तिला फार, आणि झाडं लावणारे इथले सगळे लोक तिच्या नावानं बोटं मोडतात.

आण्णा मात्र ओरडलेच, "आरं, ही तर आपली जांभळी पाणकोंबडी! रंकाळ्यावरची!"

तीच नाही, चुलत बहीण. पण चाल, तोरा आणि स्वभाव तोच. ती आमच्याकडं बघत पंधरावं रोप चोचीत धरून उभी होती. आण्णांनी टाळ्या वाजवल्या, शुकशुक केलं, एक ढेकूळ उचललं. पाटलांनी हात धरला: पक्षी इथलाच आहे, शिकारीच्या परवान्याशिवाय त्याला मारता येत नाही. आण्णा चवताळले. विलो परका म्हणून तोडायचा, कोई परका म्हणून बाणानं मारायचा, उंदराला सापळा लावायचा, आणि ही उघड उघड तोडफोड करणारी कशी काय इथली? पाटलांनी क्षितिजाकडं बघत सांगितलं, ती ऑस्ट्रेलियातून फार पूर्वी आपल्या पंखांनी उडत आली. कुणी आणली नाही. स्वतः उडत आली ती देशी.

"मग आपण काय पोहत आलोय?" आण्णा म्हणाले.

तीन महिने हे युद्ध चाललं. प्लास्टिकच्या जाळ्या, दुधाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांची आवरणं, मुळाशी दगड. ते सकाळी लावायचे, ती संध्याकाळी तपासायची. गव्हाएवढं पुढं, तांदळाएवढं मागं. जुलैत आण्णांनी एक वही केली. त्यात रोपांना नंबर, लावल्याची तारीख, उपटल्याची तारीख, परत लावल्याची तारीख. सात नंबरचं रोप पाच वेळा उपटलं गेलं आणि तरी जगलं; त्याचं नाव त्यांनी 'हंगामी कर्मचारी' ठेवलं.

आईला या सगळ्यात खास रस नव्हता. तिचा आणि न्यूझीलंडच्या पाण्याचा संबंध दोनदाच आला. २०२३ मध्ये वायकाटो नदीत एक परकी सोनेरी शिंपली सापडली, तेव्हापासून होडी असो की गळ, एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेण्याआधी तीन शब्दांचा मंत्र सगळीकडं लिहिलेला दिसतो: तपासा, धुवा, वाळवा. आई पाटीसमोर उभी राहून हसली. "निवडा, धुवा, वाळवा. चाळीस वर्षं गहू दळायला द्यायच्या आधी मी दुसरं काय केलं?"

दुसऱ्यांदा आला तो रोटोरुआ या दुसऱ्याच गावी. तिथल्या तळ्यात १९९१ पर्यंत गावाचं सांडपाणी प्रक्रिया करून सोडत. ते थांबलं तरी शेवाळ थांबेना, कारण फॉस्फरस पाण्यात येतच होता. मग २००६ पासून तळ्याला मिळणाऱ्या उटुहिना ओढ्यात आणि २०१० पासून दुसऱ्या एका ओढ्यात एक क्षार सोडायला सुरुवात झाली. तो फॉस्फरसला धरून खाली बसवतो. पाणी बरंच सुधारलं. मी हे मोठ्या कौतुकानं सांगत होतो. आईनं विचारलं, "कसला क्षार?" मी म्हटलं, ॲलम. "म्हंजे तुरटी?" म्हटलं, तिच्याच घराण्यातली. आई माझ्याकडं बघतच राहिली. पावसाळ्यात पंचगंगेचं गढूळ पाणी आलं की माठात तुरटी फिरवून गाळ बसवायची, हे तिला तिच्या सासूनं शिकवलं होतं, आणि सासूला पीएच.डी. नव्हती.

शेजारीच रोटोइटी म्हणजे धाकटं तळं. थोरल्याचं खराब पाणी ओहाउ कालव्यातून धाकट्यात उतरायचं, म्हणून २००८ मध्ये धाकट्याच्या पोटात १,२७५ मीटर लांबीची पोलादी भिंत घातली; आता ते पाणी भिंतीच्या कडेनं परस्पर काइटुना नदीत जातं. आण्णांना हे बांधकाम फार आवडलं. भावाभावांत भिंत घातल्याशिवाय अंगण स्वच्छ राहत नाही, हे त्यांनी कोल्हापुरात अनेक घरांत पाहिलं होतं.

गणपती आले. आमच्या परसात उंदराचा सापळा आहे, शेजारीपाजारी सगळ्यांकडं असतो. २०५० पर्यंत उंदीर, पॉसम आणि मुंगसासारखे दिसणारे ते स्टोट देशातून हद्दपार करायचे, असा २०१६ मध्ये सरकारनं केलेला संकल्प. आमिषाला पीनट बटर. आईनं दहा दिवस सापळा बंद ठेवायला लावला. "देव घरात आणि त्याची गाडी तुम्ही मागच्या दारी ठोकणार?" विसर्जन अर्थात बादलीत. शाडूची मूर्ती दोन दिवसांत विरघळली. आण्णांना ती माती तीन नंबरच्या काहिकाटेआला घालायची होती, पण रानात बाहेरचं काही न्यायचं नाही, असं तलाठीण बाईंनी हात जोडून सांगितलं. हात जोडायला त्यांना आण्णांनीच शिकवलं होतं. माती आमच्या कढीपत्त्याला गेली.

ऑक्टोबरात दोघं परत गेले. जाताना वही माझ्याकडं सोपवली. बावीसपैकी एकोणीस उभी होती. आण्णा दर रविवारी व्हिडिओ कॉल करून हजेरी घेतात: एक नंबर, दोन नंबर. नातवंडांची चौकशी सात नंबरनंतर. मी तळ्यावर जाऊन फोन फिरवतो, ते पलीकडं रंकाळ्याच्या कठड्यावर बसलेले असतात, आणि मागं सकाळी फिरणारे चार-पाच जण डोकावत असतात. आता त्यांनाही नंबर पाठ झालेत.

जानेवारीचा महिना कोरडा गेला. मी दोन रविवार आजारी म्हणून सांगितलं आणि गेलो नाही. तिसऱ्या रविवारी गेलो तर तीन नंबरचा काहिकाटेआ वाळून तपकिरी झालेला. बोट लावलं तशी पानं हातात आली.

मी काय केलं ते सांगायला जड जातं. तलाठीण बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, उन्हाळ्यात लावत नाहीत. मी वडलांचं नाव घेतलं. त्या जरा वेळ बोलल्या नाहीत, आणि दुपारी रोपवाटिकेतलं त्याच उंचीचं एक रोप गाडीच्या डिकीतून घेऊन आल्या. सही न घेता दिलं. मी जुनं उपटलं, त्याच खड्ड्यात नवं बसवलं, टाचेनं दाबलं, बाटलीभर पाणी घातलं आणि घाम पुसून कॉल लावला.

आण्णांनी तीन नंबर बराच वेळ पाहिला. पलीकडं कुणीतरी भेळेची पुडी सोडत होतं.

"झाड ब्येस हाय," ते म्हणाले. मी श्वास सोडला. "खड्डा बी जुनाच हाय. बांबू तेवढा ह्या खेपेला डाव्या अंगाला लावलास."

मी काही बोललो नाही.

"आणि मागं वळून बघ," आण्णा म्हणाले. "ती आलीया."